‘मायलॉइड’ दोन्हीकडे, पण मामांची गोष्ट आपल्याला लागू नाही

खानापूरकडच्या घरात रिपोर्टवर ‘मायलॉइड ल्युकेमिया’, म्हणजे रक्ताचा कर्करोग, आला की तासाभरात कुणीतरी सांगतंच, "निपाणीच्या मामांनाही हेच. रोज गोळी घेतात आणि शेतावर जातात." मामा खरंच ठणठणीत असतील. पण त्यांच्या कागदावर आधी ‘क्रॉनिक’ (हळू वाढणारा) लिहिलेलं असतं, इथे ‘अक्यूट’ (झपाट्याने वाढणारा).

मामांचा तो सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे बिघडलेलं जनुक तयार होतं, आणि इमॅटिनिब हे औषध त्याच्याच प्रथिनाला अडवतं. ही गोळी २००१ मध्ये आली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून स्वस्त देशी गोळ्यांची वाट मोकळी राहिली. नेमाने गोळी घेणारे बहुतेक जण जवळजवळ इतरांइतकंच जगतात. बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर सोडली, तर मात्र हाच आजार अक्यूटसारखा उसळू शकतो.

इथला एएमएल, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, थांबत नाही. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, हटत नाही असा ताप, सगळं काही आठवड्यांत. पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर तर लोक हमखास फसतात: सीएमएलमध्ये तो लाखावर असूनही माणूस चालत येतो, एएमएलमध्ये तो कमीही निघतो. बघायच्या त्या कच्च्या पेशी, म्हणजे ब्लास्ट. नेहमीचा उपचार म्हणजे केमो: सात दिवस सायटाराबिन, त्यातले तीन दिवस जोडीला डॉनोरुबिसिन. मग संसर्गाच्या भीतीने महिनाभर दवाखाना, पुढे आणखी केमो, धोका जास्त असेल तर दात्याचा बोन मॅरो (अस्थिमज्जा). साठीच्या आतले ३५ ते ४० टक्के बरे होतात, साठीनंतर ५ ते १५. जोरदार केमो न झेपणाऱ्यांना अझासायटिडिनबरोबर व्हेनेटोक्लॅक्स देतात. २०२० च्या चाचणीत त्याने मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण जिवंत राहतात तो काळ) नुसत्या अझासायटिडिनवरच्या ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर नेलं. थोडंच, पण घरच्यांना विचारा.

मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला न्यायचं की बंगळुरूच्या किदवईला, यावर भावकीची बैठक दोन दिवस चालते. सीएमएलला ती परवडते. एएमएलला आधी बेळगावातच रक्त, प्लेटलेट, अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, आणि डॉक्टरांना विचारायला हवं, "एपीएल तर नाही ना?" एपीएल, म्हणजे अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, हा एएमएलचाच प्रकार. पहिल्या दिवसांत रक्तस्रावाने जीव घेतो, आणि त्यातून वाचलेले बहुतेक जण एट्रा नि आर्सेनिक या औषधांवर पूर्ण बरे होतात. म्हणून नुसता संशय आला, तरी पक्क्या रिपोर्टची वाट न बघता एट्राच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू करतात.