आंतरराष्ट्रीय करस्पर्धा

परदेशी भांडवल आणि कंपन्यांचा नफा आपल्याकडे ओढण्यासाठी देशादेशांत चालणारी कर कमी करण्याची चढाओढ. कापसाच्या हर्रासात बोली चढत जाते; इथे ती उतरत जाते.

विदर्भातल्या वाचकाला यातले अर्धे ओळखीचे वाटेल. १९७२ पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात, म्हणजे कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा तेव्हा, राज्याबाहेर भाव चढा असला की पांढरकवड्याकडचा कापूस रातोरात तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबादला जाई. तिथे निदान गाडी हलत होती. करस्पर्धेत बहुधा कागदच हलतो. कारखाना, मजूर, गिऱ्हाईक जागच्या जागी. नफा मात्र रॉयल्टी, व्याज किंवा फुगवलेल्या खरेदी किमतीच्या रूपाने कमी कराच्या देशातल्या भगिनी कंपनीकडे.

आयर्लंडने २००३ पासून कंपनी कर १२.५ टक्के ठेवला आणि कंपन्यांबरोबर खऱ्या नोकऱ्याही मिळवल्या. मॉरिशसचे तसे नव्हते: भारताशी झालेल्या १९८२ च्या करविषयक करारामुळे तिथे नोंदलेल्या कंपनीने भारतीय शेअर विकून मिळवलेला नफा इथे करमुक्त राही. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरना ही सवलत उरली नाही.

भारतही या शर्यतीत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ दर २२ टक्के, तर नव्या उत्पादक कंपन्यांचा १५ टक्के झाला. वर्षाला १.४५ लाख कोटी रुपये सोडावे लागतील, असा सरकारचाच अंदाज होता. केंद्राच्या वाटपयोग्य करांत राज्यांचा हिस्सा तेव्हा ४२ टक्के असल्याने ही झळ राज्यांच्या तिजोरीलाही बसणारी होती. (विदर्भातले गोसीखुर्द धरण रखडल्याचे खापर मात्र करस्पर्धेवर फोडता येणार नाही, त्याचे भूमिपूजन १९८८ चे.)

मग भार कोणावर? जे हलू शकत नाही त्याच्यावर. शेती उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, म्हणून शेतकरी कर भरत नाही असे शहरात सर्रास बोलले जाते. पण कपाशीवर मारायच्या रासायनिक औषधावर १८ टक्के जीएसटी आहे, डिझेलवर अबकारी आणि व्हॅट. पाच एकर काळी जमीन कंपनी कर नसलेल्या केमन बेटांवर नोंदवता येत नाही.

हीच चढाओढ राज्यांतही चालते. महाराष्ट्राच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत गडचिरोलीसारख्या विनाउद्योग जिल्ह्याला सर्वाधिक सवलती आहेत, तरी उद्योगांची दाटी पुणे-ठाणे पट्ट्यातच राहिली.

ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी ७५ कोटी युरोंवर उलाढाल असलेल्या कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कर मान्य केला. आयर्लंडने तो २०२४ पासून लागू केला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपले अंग काढून घेतले.