चेक्ड आणि अनचेक्ड एक्सेप्शन

जावा या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत प्रोग्रॅम चालू असताना आलेली अडचण एक्सेप्शन या ऑब्जेक्टच्या रूपात ‘फेकली’ जाते, आणि तिची दखल घ्यावीच असा आग्रह कंपायलर (कोड चालण्याआधी तो तपासून त्याचे भाषांतर करणारा प्रोग्रॅम) धरतो की नाही, यावरून तिचे चेक्ड आणि अनचेक्ड असे दोन प्रकार पडतात. फेकता येणाऱ्या सर्व ऑब्जेक्टचे मूळ थ्रोएबल हा क्लास असून त्याला एरर आणि एक्सेप्शन अशा दोन शाखा आहेत. एरर, एक्सेप्शनखालचा रनटाइमएक्सेप्शन आणि या दोहोंपासून निघालेले क्लास अनचेक्ड होत, बाकीचे चेक्ड.

चेक्ड एक्सेप्शन कंपाइल करताना येते आणि अनचेक्ड प्रोग्रॅम चालताना, अशी व्याख्या अनेक विद्यार्थी पाठ करतात. ती चूक आहे. दोन्ही येतात प्रोग्रॅम चालतानाच. कंपाइल करताना होते ती केवळ तपासणी. फाइलरीडरने फाइल उघडणारी ओळ लिहिली की, ती फाइल डिस्कवर असो वा नसो, कंपायलर तेथेच अडतो : फाइलनॉटफाउंडएक्सेप्शन एक तर ट्राय-कॅचमध्ये पकडावे, नाही तर मेथडच्या घोषणेत थ्रोज लिहून बोलावणाऱ्या मेथडकडे सोपवावे. याउलट मजकुरातून पूर्णांक काढणाऱ्या, इंटिजर क्लासच्या पार्सइंट या मेथडला ‘बारा’ हा शब्द दिला, तर कंपायलर काहीच बोलत नाही आणि प्रोग्रॅम चालताना नंबरफॉरमॅटएक्सेप्शन येते. (‘१२’ हे देवनागरी अंक मात्र ती बिनतक्रार स्वीकारते.)

फाइल नाहीशी होणे किंवा नेटवर्क तुटणे प्रोग्रॅमरच्या हाती नसते, म्हणून त्याची पूर्वसूचना मेथडच्या घोषणेतच असावी, हा या विभागणीमागचा विचार आहे. नलपॉइंटरएक्सेप्शन (ऑब्जेक्टच्या जागी ‘नल’, म्हणजे काहीच नसताना ते वापरू पाहिल्यास येणारे) ही बहुधा कोडमधलीच चूक असते. ती पकडत बसण्यापेक्षा दुरुस्त करणे योग्य.

विचार रास्त असला, तरी कंपायलरला गप्प करण्यासाठी कॅचचा ब्लॉक रिकामा सोडण्याची सवय त्यातूनच लागली, आणि ती खरोखर घातक आहे, कारण अडचण येऊनही तिचा मागमूस उरत नाही. सी शार्प आणि कॉटलिन या भाषांनी चेक्ड एक्सेप्शन ठेवलेच नाही. २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ मधील लॅम्डांसाठीच्या (नाव नसलेल्या छोट्या फंक्शनांसाठीच्या) फंक्शन, कन्झ्युमर यांसारख्या तयार इंटरफेसांतही थ्रोजची सोय नसल्याने चेक्ड एक्सेप्शन तेथून थेट बाहेर सोडता येत नाही. ते अनचेक्ड एक्सेप्शनमध्ये गुंडाळून फेकावे लागते. गुंडाळताना मूळ एक्सेप्शन ‘कॉज’ म्हणून आत ठेवावे, म्हणजे स्टॅक ट्रेसमध्ये (एक्सेप्शन कोणकोणत्या मेथडमधून आले ते दाखवणाऱ्या यादीत) ‘कॉज्ड बाय’ या शब्दांपुढे अडचणीचे मूळ ठिकाण दिसते.