गाठ केवढी, त्यापेक्षा गाठ कशी

मोठेबाबांच्या लिव्हरमधल्या कर्करोगाच्या गाठीचं नागपूरला ऑपरेशन झालं. ते घरी आल्यावर आमच्या वरूडकडच्या गावातला जो तो विचारायचा, "केवढी होती जी गाठ?" मोठी आई सांगायची, "लिंबाएवढी." आकाराला महत्त्व आहेच. पण डॉक्टरांनी कापलेल्या गाठीचा फोटो दाखवला, तेव्हा त्यांचं बोट थांबलं ते तिच्या कडेवर.

काढलेल्या यकृताच्या पातळ चकत्या करून पॅथॉलॉजिस्ट आधी नुसत्या डोळ्यांनी पाहतात. यकृतपेशींच्या कर्करोगाचे असे दिसण्यावरून प्रकार एगेल नावाच्या डॉक्टरांनी १९०१ मध्येच पाडले होते. पुढे जपानी डॉक्टरांनी सुट्या गाठींचेही पोटभेद केले, आणि ऑपरेशननंतरचा अंदाज बांधायला तेच जास्त कामी येतात.

एक गाठ गोल, रेखीव. संत्र्याला साल असते तसं पुष्कळदा भोवती आवरण. दुसरी गोलच, पण एका बाजूने बाहेर फुगलेली, आल्याला कोंब फुटावा तशी. तिसरी सीताफळासारखी, अनेक डोळे एकमेकांना चिकटून झालेली. पहिल्या प्रकारात पुढची वाटचाल साधारणपणे बरी असते. तिसऱ्यात रोग उलटण्याची भीती जास्त.

असं का? हा कर्करोग यकृतातल्या यकृतात पसरतो तो मुख्यतः प्रवेशिनी शिरेच्या, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेनच्या, फांद्यांतून. कड जिथे मोडते, तिथे पेशी आवरण ओलांडून बारीक रक्तवाहिन्यांत शिरलेल्या असण्याची शक्यता वाढते. ही घुसखोरी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. सीटी स्कॅनमध्ये कड ओबडधोबड दिसली, तर यकृत तेवढं धडधाकट असल्यास सर्जन गाठीभोवतीचा जास्त भाग काढायचं ठरवू शकतात.

हराळीसारखा यकृतभर पसरलेला प्रकार वेगळाच; तिथे बहुतेक वेळा ऑपरेशनच होत नाही.

रूप म्हणजे अंदाज, निकाल नव्हे. गोल गाठ काढलेल्यांनीही तपासण्या सोडायच्या नाहीत, कारण ऑपरेशननंतर पाच वर्षांत निम्म्याहून अधिक जणांत हा रोग पुन्हा दिसतो. म्हणून मला वाटतं, घरच्यांनी केवढीसोबत 'कड कशी होती, रक्तवाहिनीत शिरली होती का' हेही विचारावं.

मोठेबाबांच्या गाठीला कोंब होता. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी सांगितली आहे. पुढची तारीख ऐन संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोड्यात येते. तोडा भाऊ पाहील. मोठेबाबांना घेऊन मी सकाळच्या एसटीने नागपूरला जाणार आहे.