बिनकागदाचे कामगार टॅक्स भरत नाहीत? साफ चूक आहे हे

अमेरिकेत कागदपत्रांशिवाय राबलेल्या मेक्सिकन मजुरांबद्दल वर्षानुवर्षं एकच ऐकतोय, "टॅक्स कधी भरला नाही, मग म्हातारपणी पेन्शन कुठून मिळणार". अहो, भरलाय त्यांनी! कामाला लागताना नंबर द्यावाच लागतो, म्हणून बरेच जण खोटा नाहीतर दुसऱ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेच्या सरकारी पेन्शन योजनेचा नंबर) देतात आणि मग दर पगाराच्या स्लिपवर त्या पेन्शनसाठी ६.२ टक्के कापले जातात, मालकही तेवढेच भरतो. एका अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात बिनकागदाच्या कामगारांचे २५.७ अब्ज डॉलर त्या पेन्शन फंडात गेले. नाव-नंबर जुळत नाही म्हणून कमाईची नोंद वेगळ्या फाईलमध्ये पडून राहते, पैसा मात्र आजच्या अमेरिकन म्हाताऱ्यांच्या पेन्शनला जातो. वीस वर्षं वाकून स्ट्रॉबेरी तोडली, कंबर गेली, आणि मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातल्या गावी परतल्यावर हातात तिथला एक डॉलर नाही. मेक्सिकोत ६५ नंतर सरकारी पेन्शन आहे, पण औषधपाणी धरलं तर तेवढ्यात भागणं अवघडच. आपल्याकडचे एच-वन-बी वालेसुद्धा १० वर्षं भरायच्या आत परतले तर हेच पैसे गमावतात, कारण दोन्ही देशांत भरलेली वर्षं एकत्र मोजायचा करारच भारत-अमेरिकेत नाही, आणि ते तर सगळे कागद असलेले लोक.