कुंडीच्या तळाला खापऱ्यांचा थर? बटण गुलाबाला तो नकोच

‘तळाला विटांचे तुकडे घाला, म्हणजे पाणी साचणार नाही,’ हा सल्ला आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत चालत आलाय. हेतू चांगला, पण परिणाम नेमका उलटा होतो.

घरातला स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल! मातीचंही तसंच आहे: मातीचा थर जितका उंच, तितकं पाणी जास्त गळतं, आणि तळाला खापऱ्या घातल्या की मातीची उंचीच कमी होते. बारीक कणांमधलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून चिंब झाली, तरच ते खाली जातं. म्हणजे मातीच्या तळाशी राहणारा ओला, हवा नसलेला पट्टा नाहीसा होत नाही, खापऱ्यांच्या थराच्या उंचीएवढा वर सरकतो. बटण गुलाबाच्या १० इंची कुंडीत २ इंच खापऱ्या घातल्या, की तो पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. मुळं गुदमरून कुजतात, पानं पिवळी पडतात आणि आपण पाणी कमी पडलं समजून अजून ओततो. फार वाईट वाटतं अशी झाडं गेलेली बघून.

भोकावर एकच खापरी पालथी ठेवा किंवा मच्छरदाणीचा तुकडा, तोही माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठीच. निचरा सुधारायचा तर सगळी माती सुधारा: कुजलेलं शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू एकसारखी मिसळा. कुंडी दोन विटांवर ठेवा, भोक मोकळं राहतं.