टोकन रिंग: खंजेरी सध्या कोणाच्या हातात हाये?

खंजेरी भजन ऐकलंच असंन तुम्ही. आमच्या गावात मंडळी गोल बसते, खंजेरी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते, ज्याच्या हातात ती त्यानंच भजन धराचं, बाकीच्यांनी मागं म्हणाचं. सगळेच एकदम सुरू झाले का नुसता कल्ला. नेटवर्कातबी हाच लोचा असते राजेहो, तार एक अन् बोलणारे कॉम्प्युटर पन्नास.

आयबीएमनं 1985 मधे बाजारात आणलेल्या टोकन रिंगनं तो असाच सोडवला, कॉम्प्युटर गोलात जोडाचे अन् पाळीनं बोलाचं. तिचं स्टँडर्ड आयट्रिपलई 802.5 (आयट्रिपलई म्हणजे इंजिनिअर लोकांची नियम ठरवणारी संस्था). टोकन म्हणजे 24 बिटचा (बिट म्हणजे एक 0 नाहीतर 1) तुकडा, रिकामा घुमत राह्यते. ज्याला डेटा पाठवाचा त्यानं टोकन धराचं, आपली फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, सोडाची, ती सगळ्यांच्या दारावरून जाते, ज्याची असंन तो कॉपी करून घेते अन् फ्रेमवरच 'ओळखलं' अन् 'घेतलं' अशा खुणा करते, मग फिरून ती पाठवणाऱ्याकडंच येते अन् रिंगमधून काढाचं कामबी त्याचंच. पोच आपोआप मिळाली ना! मग टोकन पुढं सोडाचं, धरून बसता येत नाही.

आता मला सगळ्यात भारी वाटलं ते सांगतो. तांब्याच्या तारेत सिग्नल एका मायक्रोसेकंदात साधारण 200 मीटर जाते, अन् सेकंदाला 4 मेगाबिट (चाळीस लाख बिट) पाठवणाऱ्या रिंगमधे एक बिट असते पाव मायक्रोसेकंदाचा, म्हणजे एक बिट तारेवर 50 मीटर पसरते. चोवीस बिट झाले 1200 मीटर! आमच्या घरापासून पार जिनिंगपर्यंत. लहान ऑफिसात एवढी तार आणाची कुठून, टोकनचं तोंड फिरून आलं तरी शेपूट निघालीच नाही. म्हणून एक मशीन ते बिट जरा वेळ आपल्याजवळ थांबवून ठेवते, रिंग जणू लांब करते.

ते मशीन म्हणजे अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर, मंडळातला म्हातारा समजा. समोरून जाणाऱ्या फ्रेमवर तो खूण करते, खूण असलेली फ्रेम पुन्हा दिसली का समजाचं, पाठवणारा बंद पडला, मग रिंग साफ करून नवं टोकन सोडते. टोकन हरवलं तरी तोच. अन् म्हाताराच गेला तर? बाकीचे दावा करतात, ज्याचा पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा नंबर, सगळ्यात मोठा तो मॉनिटर. वशिला चालत नाही.

ही झाली पाळीची भानगड, मीडिया अ‍ॅक्सेस. त्याच्यावर बसते वरचा थर, लिंक कंट्रोल, त्याचं स्टँडर्ड 802.2, त्याला खाली पाळी कशी लागली याच्याशी घेणंदेणं नाही, इथरनेटवर, म्हणजे टोकन रिंगच्या स्पर्धेतल्या दुसऱ्या नेटवर्कवरबी, तोच बसू शकते.

इथरनेटमधे पाळीच नव्हती, तार मोकळी दिसली का बोलाचं, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा. टोकन रिंग 1989 मधे 16 मेगाबिटवर गेली, पण इथरनेटचं कार्ड स्वस्त होतं, अन् नंतर स्विच (सगळ्या तारा जोडणारे डबे) आले, दरेकाला आपली वेगळी तार मिळाली, टक्करच संपली, मग पाळी लावाची काऊन.