गोंदून घेण्याआधी वाचा : टॅटूच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक वाचून झालं की मगच तारीख ठरवायला या. यातल्या बऱ्याच गोष्टी खुर्चीत बसल्यावर सांगून उपयोग नसतो. जेवण, झोप, कपडे, तालमीची सुट्टी हे आदल्या दिवशीच ठरलेलं असावं लागतं.

गोंदण आणि टॅटू

आपल्या भागात हे काम नवं नाही. हनुवटीवर ठिपका, हातावर तुळशीवृंदावन, मनगटाजवळ नाव अशा खुणा असलेल्या आज्या आजही घरोघरी आहेत. दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, या विश्वासानं त्यांनी ते करून घेतलं. काजळीची शाई आणि सुयांची जुडी एवढ्यावर ते काम होत असे. विजेवर चालणाऱ्या टॅटू मशीनचं पेटंट १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली यांनी घेतलं. तिचा आधार होता एडिसनचा छिद्रं पाडणारा विजेचा पेन. वेग बदलला, पण कातडीत घडतं ते तेच. सुई वरचा थर ओलांडते आणि खालच्या थरात शाई ठेवते.

जुनं गोंदण हिरवट-निळं का दिसतं, हे अनेक जण विचारतात. शाई काळीच असते. ती खोलवर गेलेली असते आणि वर्षानुवर्षांत पसरते. वरच्या कातडीतून पाहताना तोच काळा रंग निळसर भासतो.

आई-आजीच्या हातावरचं गोंदण आपल्या हातावर हवं असेल, तर शक्य झाल्यास त्यांनाच घेऊन या. त्यांच्या हातावर पातळ पारदर्शक कागद ठेवून आम्ही रेघ जशीच्या तशी उतरवून घेतो. वृंदावनाची एक बाजू कललेली असेल, ठिपके लहान-मोठे असतील, तर ते तसेच ठेवतो. सरळ करून दिलं की ती खूण त्यांची राहत नाही. फोटोवरून करायचं झालं तर हात सपाट ठेवून, वरून, दिवसाच्या उजेडात फोटो काढा. शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे माप कळतं.

वयस्कर माणसाचं जुनं गोंदण झाकायचं असेल, तर आम्ही त्याच दिवशी काम करत नाही. आधी फोटो काढून देतो आणि आठवडाभर विचार करायला सांगतो. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचं मोको, म्हणजे त्यांचं परंपरेचं गोंदण, आम्ही चित्र म्हणून उतरवत नाही. त्यातल्या रेषा त्या माणसाचं कूळ सांगतात. तशा धाटणीचं वेगळं डिझाइन हवं असेल तर बोलू.

जत्रेतल्या मशीनबद्दल स्पष्ट सांगतो. एकच सुई, एकच शाईची वाटी आणि पुसायला एकच फडकं पन्नास जणांना वापरलं, तर एकाचं रक्त दुसऱ्यात जातं. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. वाळलेल्या डागातूनही लागण होते. जोतिबाला जा, चांगभलं म्हणा, पण हातावर नाव तिथं घालून घेऊ नका.

रेघ किती खोल

कातडीचा वरचा थर सतत झडत असतो. शाई त्याच्या खालच्या थरात, साधारण १ ते २ मिलिमीटरवर बसावी लागते. वरच राहिली तर खपलीबरोबर निघून जाते. फार खोल गेली तर चरबीत पसरते आणि रेघेभोवती निळसर सावली येते. त्याला आम्ही ब्लोआउट म्हणतो. मनगटाची आतली बाजू, कोपराची खोबण, पायाचा घोटा, बरगडी इथं कातडी पातळ असते, म्हणून तिथं हात हळू चालवावा लागतो आणि वेळ जास्त जातो. तुम्ही मध्येच हललात तरी हाच दोष येतो. शिंक, खोकला, ठसका येतोय असं वाटलं तर आधी ‘थांबा’ म्हणा.

अक्षरं, राजमुद्रा, देवाचं चित्र

सर्वांत जास्त मागणी राजमुद्रेची असते आणि सर्वांत जास्त बिघडते तीही राजमुद्राच. त्या श्लोकात ३२ अक्षरं आहेत. दोन इंचांच्या अष्टकोनात ती बसवली तर एकेक अक्षर चार-पाच मिलिमीटरचं होतं. आज ते सुंदर दिसेल. पण कातडीत प्रत्येक रेघ काळाबरोबर जाड होते. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ मधल्या ‘च्चं’ च्या आतली मोकळी जागा भरून जाते आणि तिथं काळा ठिपका उरतो. म्हणून अक्षरांसकट पूर्ण राजमुद्रा आम्ही चार इंचांपेक्षा लहान करत नाही. एवढी जागा द्यायची नसेल, तर अक्षरांशिवाय नुसता अष्टकोन आणि आतली नक्षी घ्या.

मराठी अक्षरांचा दुसरा धोका कॉम्प्युटरचा. मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात टाकताना जोडाक्षर फुटतं, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसते, रफार भलत्याच अक्षरावर चढतो. ‘शाहसूनोः’ मधला विसर्ग तर नेहमी गळतो. त्यामुळे स्टेन्सिल, म्हणजे सुई चालवण्याआधी कातडीवर उमटवलेला डिझाइनचा ठसा, लावल्यावर तुम्ही स्वतः एकेक अक्षर बोट ठेवून वाचायचं आणि सोबत आलेल्या माणसानंही वाचायचं, असा आमचा नियम आहे. आरशात वाचू नका, उलटं दिसतं. मोडीतलं नाव हवं असेल तर मोडी वाचणाऱ्या माणसाकडून लिहून आणा. नेटवरच्या मोडी फॉन्टवर आम्ही सुई चालवत नाही.

देवाचं चित्र, महाराजांचं चित्र आणि राजमुद्रा कमरेखाली करत नाही. अंबाबाईचा चेहरा पोटरीवर हवा, असं सांगितलंत तर आम्ही दंड किंवा पाठ सुचवू. चेहऱ्याच्या चित्राला निदान तळहाताएवढी जागा लागते. त्याहून लहान केलं तर डोळे आणि ओठ काही वर्षांत एकमेकांत मिसळतात.

चित्र सरळ कुणाला दिसायला हवं, हेही ठरवून या. हात खाली सोडल्यावर समोरच्याला सरळ दिसावं, ही आमच्या कामातली रीत आहे. स्वतःला वाचायला सोयीचं म्हणून उलटं केलेलं चित्र फोटोत नेहमी उलटंच दिसतं.

सावळ्या रंगावर कोणती शाई खुलते? शाई तुमच्या कातडीच्या रंगाखाली असते. म्हणजे प्रत्येक रंग तपकिरी काचेतून पाहिल्यासारखा दिसतो. काळा, गडद लाल, गडद निळा टिकतो. पिवळा, फिका गुलाबी, पांढरा मळकट होतो. मोबाइलवर पाहिलेलं गोऱ्या हातावरचं फिकट रंगांचं फूल आपल्या हातावर तसं येणार नाही, हे आम्ही आधीच सांगतो.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

कोल्हापूर जिल्ह्यातली बरीच मुलं सैन्यात जाण्याची तयारी करतात, म्हणून हे वेगळं लिहिलं आहे. सैन्यभरतीच्या नियमाप्रमाणे कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या भागावर आणि तळहाताच्या मागच्या बाजूवर चालतो. छाती, दंड, मान, पाय इथं असेल तर उमेदवार बाद होतो. परंपरेनं गोंदून घेणाऱ्या आदिवासी समाजांसाठी प्रत्येक प्रकरण बघून सूट दिली जाते. पोलीस आणि इतर दलांचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा ज्या भरतीला बसणार तिची जाहिरात आधी वाचा. भरतीचा विचार पक्का असेल तर निकाल लागेपर्यंत थांबा, असं आम्ही सांगतो. दंडावर ‘आई’ लिहून घेतल्यामुळे मैदान मारूनही मेडिकलला बाहेर पडावं लागलं, तर ते कुणालाच भरून देता येत नाही.

न लपवता सांगा

१८ वर्षं पूर्ण नसतील तर काम होणार नाही, पालक सोबत असले तरीही. ओळखपत्र आणा.

मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिट येणं, हृदयविकार, कावीळ, सोरायसिस, जखमेवर गाठीसारखा वण उठण्याची सवय यांतलं काहीही असेल तर आधी बोला. गाठीसारखा वण छाती आणि खांद्यावर जास्त उठतो, तिथं काम टाळलेलं बरं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या संपल्यावर सहा महिने थांबतो. गरोदर आणि अंगावर दूध पाजणाऱ्या बायकांना आम्ही नंतर या म्हणतो. लाल शाईची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त दिसते. पूर्वी कधी रंगानं खाज उठली असेल तर तेही सांगा.

कामाचा दिवस

पोटभर जेवून या. उपाशीपोटी आलेला माणूस पहिल्या अर्ध्या तासात घामेजतो, चक्कर येते आणि काम थांबतं. मटण आणि तांबडा रस्सा खाल्ल्यानं टॅटू चिघळतो, हे खरं नाही. खाऊन आलात तरी चालेल. आदल्या दिवशी मात्र दारू नको. रक्त जास्त झिरपतं आणि शाई नीट धरत नाही. पिऊन आलेल्याचं काम होत नाही आणि बुकिंगची रक्कमही परत मिळत नाही. जिथं काम आहे तिथं आदल्या दिवशी स्वतः वस्तरा लावू नका, बारीक कापतं. कपडे सैल आणि गडद रंगाचे घाला.

सोबत एकच माणूस आणा. तालमीतली सगळी पोरं आली की जागा अपुरी पडते आणि काम करणाऱ्याचं लक्ष उडतं. महिला ग्राहकांसाठी पडदा आहे. सोबतची बाई आत बसू शकते. फोटो-व्हिडिओ तुमच्या परवानगीशिवाय काढत नाही. दुसऱ्या कुणाच्या अंगावरचं डिझाइन जसंच्या तसं मागू नका. ते त्याच्यासाठी काढलेलं असतं. त्याचा आधार घेऊन तुमचं वेगळं काढून देतो. दराची घासाघीस डिझाइन ठरवताना करा, अर्धी रेघ झाल्यावर नको.

खुर्चीत बसल्यावर या गोष्टी तुमच्या डोळ्यांसमोर झाल्या पाहिजेत. नसतील तर थांबवून विचारा. सुईचं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली नळी, बंद पाकिटातून तुमच्यापुढं फोडलं जातं. शाई नव्या टोपीत, म्हणजे छोट्या वाटीत, ओतली जाते आणि उरलेली टाकून दिली जाते, बाटलीत परत जात नाही. मशीनला, वायरला आणि फवाऱ्याच्या बाटलीला प्लास्टिकचं आवरण असतं. मध्येच मोबाइलला हात लावला तर ग्लोव्हज बदलले जातात. वापरलेली सुई धारदार कचऱ्याच्या पांढऱ्या डब्यात जाते. मशीन धरायची स्टीलची ग्रिप असेल तर ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबयंत्रात, १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबाखाली निर्जंतुक झालेली असते. उकळत्या पाण्यातून काढणं पुरेसं नाही.

स्टेन्सिल लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं तशीच सुकू द्यायची. घाई केली की पहिल्याच पुसण्यात जांभळी रेघ निघून जाते. जागा पसंत नसेल तर सांगा. पुसून तीनदा लावली तरी आम्हाला चालतं.

घरी गेल्यावर

टॅटू ही ताजी जखम आहे. पारदर्शक चिकटपट्टी लावून दिली असेल तर ती तीन ते पाच दिवस ठेवा. खाली काळपट पाणी साठतं, ते साहजिक आहे. पण कडा सुटून पाणी आत शिरलं तर पट्टी लगेच काढा. मे महिन्याच्या घामात हे हमखास होतं. साधी प्लास्टिकची फिल्म असेल तर दोन-तीन तासांत काढायची, रात्रभर नाही.

मग कोमट पाणी आणि वास नसलेला साबण. हातानंच हळू धुवा, घासणी नको. स्वच्छ कागदी रुमालानं टिपून घ्या आणि सांगितलेलं मलम अगदी पातळ लावा. तांदळाच्या दाण्याएवढं मलम तळहाताएवढ्या टॅटूला पुरतं. जाड थर दिला की खपली ओली राहते आणि शाईसकट सुटते. स्वयंपाकघरातली हळद, खोबरेल, डेटॉल, टूथपेस्ट यांतलं काहीही नको. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, खोबरेलानं छिद्रं बुजतात, डेटॉलनं नवी कातडी भाजते.

चौथ्या दिवसापासून पापुद्रे निघतात आणि खाज येते. नखानं काढू नका, तिथं पांढरी जागा राहते. वरून दोन-तीन आठवड्यांत बरं दिसतं, आतून सहा आठवडे लागतात.

पैलवानांनी तीन आठवडे हौद्यात उतरू नये. लाल मातीत ताक, तेल, हळद असते आणि शिवाय सगळ्यांचा घाम. मॅटवरही अंगाला अंग घासतं आणि गजकर्ण पसरतं. रंकाळा, कळंबा, पंचगंगा, विहीर इथं तेवढेच दिवस पोहणं बंद. उसाच्या फडात काम असेल तर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला, पाचटाची कूस आणि पानाची धार दोन्ही लागतात. पायाच्या पंजावर टॅटू असेल तर कोल्हापुरी चप्पल महिनाभर बाजूला ठेवा. पट्टा नेमका त्याच रेघेवर घासतो.

पहिले दोन दिवस लाली आणि सूज असते. तिसऱ्या दिवसानंतर लाली वाढत जाणं, पू, ताप, किंवा टॅटूपासून वर चढणारी लाल रेघ दिसली तर आधी डॉक्टरकडे जा आणि मग आम्हाला कळवा. हा क्रम उलटा करू नका.

सहा आठवड्यांनंतर दाखवायला या. रेघ तुटली असेल तर तीन महिन्यांच्या आत एक टचअप, म्हणजे रेघेची दुरुस्ती, मोफत आहे. बोटं, तळहाताची कड आणि पाऊल याला अपवाद आहेत. तिथली कातडी लवकर झिजते आणि शाई कुणाचीच टिकत नाही. रक्तदान साधारण वर्षभर करता येत नाही. शिबिरात विचारलं तर तारीख खरी सांगा. तारीख आमच्या पावतीवर असते, ती जपून ठेवा.